खिडकीवालीची सून

तिला स्वतःची अशी ओळख फारशी मिळालीच नाही. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून गल्ली तिला खिडकीवालीची सून म्हणायची, आणि तिचे केस पिकायला लागले तरी तेच चालू होतं. धुलाई कारखान्यात ती चादरीवाली, कारण कामाला लागल्यापासून ती चादरींच्या टेबलावरून हललीच नव्हती. नणंदेची ती वहिनी. नवरा तर हाकच मारत नसे. 'अगं' म्हटलं की त्याचं भागायचं.

खिडकीवाली म्हणजे तिची सासू. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, आणि पुढच्या खोलीची खिडकी थेट रस्त्यावर उघडणारी. सासरे ऐन तरुणपणी गेले. पदरात मुलगा आणि त्याच्या पाठची मुलगी. सासूबाईंना दुसरं काही येत नव्हतं, भाकरी येत होती. रस्त्याच्या टोकाला गोदामं होती, तिथले हमाल दुपारी खिडकीपाशी यायचे. कागदात दोन भाकऱ्या, मध्ये लाल चटणीचा गोळा. तिथंच भिंतीला टेकून खायचे, नाक पुसायचे, खिडकीवालीला शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. त्या खिडकीवर तिनं दोन्ही मुलं मोठी केली.

मुलगा पुढे लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागला. गल्लीनं लगेच त्याचं नाव 'वरखाली' ठेवलं. मुलगी शिवणकाम शिकली. लहानपणी शाळेतून आली की मिरच्या कुटायचं काम तिचं. लोखंडी खलात वाळक्या मिरच्या, लसूण, जाडं मीठ. हाताची आग व्हायची, वर्गात डोळा चोळायची सोय नव्हती. "आमच्या वर्गात सगळ्यांत शहाणी मुलगी मीच दिसायचे," ती पुढे हसत सांगायची, "कारण हात नेहमी बाकावर."

सून घरात आली तेव्हा या नणंदेचं वय दोन वेण्या घालण्याचं होतं. दोघी आतल्या खोलीत शेजारी शेजारी निजायच्या, कारण वरखालीला रात्रपाळ्या असत. सून तिला 'वन्सं' म्हणायची, वयानं एवढी लहान असली तरी 'अहो-जाहो' करायची, आणि तीही 'वहिनी, तुम्ही' म्हणायची. पण त्या 'अहो-जाहो'त काही परकेपणा नव्हता. वन्संच्या वेण्या वहिनीनंच घातल्या, पहिला ब्लाउज वन्संनी वहिनीचाच बिघडवला.

सासूबाईंचं मात्र वेगळं होतं. त्यांच्या तोंडाला चटणीपेक्षा जास्त तिखट होतं. नव्या सुनेची पहिली भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा त्यांनी ती दोन बोटांत धरून उजेडात बघितली.

"ही भाकरी आहे की नकाशा?" त्या म्हणाल्या. "हा इकडं समुद्र आलाय वाटतं."

वहिनी भाकरी शिकली. उकळतं पाणी पिठात घालून ते हाताला सोसेल तेवढं होईस्तोवर मळायचं, परातीत गोल गोल थापायचं, तव्यावर टाकल्याबरोबर वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. वर्षभरात तिची भाकरी सासूबाईंच्या भाकरीशेजारी ठेवली तर ओळखू येईना. मग सासूबाईंनी खिडकीच्या भाकऱ्या तिच्यावर सोपवल्या. चटणी मात्र कधीच सोपवली नाही. "तुझ्या हाताला तिखट नाही," एवढंच म्हणायच्या. चटणी करताना त्या मागच्या मोरीशी बसायच्या आणि शेजारी फक्त मुलीला बसू द्यायच्या. मिरची किती भाजायची, लसूण सालासकट कधी घालायचा, तेल कडकडीत की कोमट, हे सगळं मायलेकींतच राहिलं. वहिनीला त्याचं आधी वाईट वाटलं, नंतर सवय झाली.

गोदामं बंद पडली, खिडकीवरची गर्दी ओसरली. वहिनी धुलाई कारखान्यात लागली. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथं यायच्या. दोन बायका समोरासमोर उभ्या राहून चादर ताणायच्या, झटकायच्या आणि तापलेल्या रुळांमध्ये सोडायच्या. वाफेनं खिडक्या कायम घामेजलेल्या. वन्संनी नदीपलीकडे एक गाळा घेऊन शिवणाचं दुकान टाकलं आणि वरच्या खोलीत एकटीच राहायला लागल्या. त्यांचं लग्न जमता जमता राहून गेलं. वहिनीच्या मुलीचं लग्न झालं, ती लांब गेली. घरात उरली तीन माणसं, आणि सासूबाईंची सवयीपुरती चालू असलेली खिडकी.

एके सकाळी सासूबाई मोरीशी मिरच्या कुटत होत्या. कुटण्याचा आवाज थांबला. वहिनीनं वळून बघितलं तर त्या खलावर आडव्या झाल्या होत्या आणि तोंडाचा एक कोपरा ओघळल्यासारखा खाली आला होता.

अर्धांगवायूचा झटका. दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा उजवी बाजू गेलेली होती, बोलणं गेलं होतं, आणि गिळणंही बिघडलं होतं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी वहिनीला बाजूला घेऊन बसवलं. नवरा तेव्हा औषधं आणायला गेला होता.

"यांच्या घशाला अन्नाची वाट आणि श्वासाची वाट वेगळी कळत नाही आता," बाई म्हणाल्या. "कोरडं काही नाही, कण असलेलं नाही, तिखट तर अजिबात नाही. पाणीसुद्धा ही पावडर घालून घट्ट करूनच. ताठ बसवायचं, हनुवटी खाली, अर्धा चमचा. गळ्यावर दोन बोटं ठेवा. कंठ वर जाऊन खाली आला की समजायचं घास उतरला. मगच पुढचा."

"आणि नाही उतरला तर?"

"तर श्वास अडकेल," बाई म्हणाल्या. त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं, पण आडून सांगितलं नाही.

वहिनीनं पहाटेची पाळी मागून घेतली. नवरा सकाळी उशिरा कामाला जायचा, ती दुपारी यायची. मधल्या वेळात समोरच्या काकूंकडे किल्ली असायची, त्या येऊन डोकावून जायच्या. गुरुवारी वन्संचं दुकान बंद, त्यामुळे तो दिवस वन्संचा. पण भरवण्याचं काम वहिनीचंच. पहाटे निघण्याआधी, दुपारी आल्यावर, संध्याकाळी. एका वाटीला तास जायचा. गळ्यावर बोटं ठेवून ती वाट बघत बसायची. कारखान्यात जोडीदारीण म्हणायची, "तू चादर झटकतेस तेव्हापण माझ्या गळ्याकडे बघत असतेस."

सासूबाईंचं बोलणं गेलं होतं, पण एक शब्द राहिला होता. भाकरी. बाकी सगळे शब्द तोंडात विरघळायचे, हा एक स्वच्छ यायचा. खिडकीशी खाट होती. रस्त्यानं कोणी ओळखीचं गेलं की त्या डावा हात गजांबाहेर काढायच्या आणि म्हणायच्या, "भाकरी." माणूस थांबायचा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "भाकरी," त्या पुन्हा म्हणायच्या, आणि मग तोच हात नकारार्थी हलवायच्या.

अशी बाई, जिनं निम्म्या रस्त्याला जेवू घातलं, ती खिडकीतून हात काढून भाकरी मागते. लोकांना आणखी काय सांगायला हवं होतं? त्यात त्या दिवसेंदिवस वाळत चालल्या. गळ्याची हाडं वर आली. त्यातून वहिनीनं आणखी एक केलं, ज्यानं तिची बाजू पारच गेली. घरात भाकरी तर व्हायचीच, तिला आणि नवऱ्याला जेवायला लागायचंच. पण सासूबाईंसमोर बसून खाववेना. त्यांची नजर हाताबरोबर ताटातून तोंडाकडे जायची. म्हणून ती आपली भाकरी फडक्यात गुंडाळून मागच्या जिन्यावर जाऊन खायची. समोरच्या काकूंनी ते बघितलं.

"सासूला पेज पाजते आणि स्वतः जिन्यावर लपून भाकरी खाते," काकू म्हणाल्या. ज्यांना म्हणाल्या त्यांनी आणखी चार जणांना सांगितलं.

हे वन्संच्या कानावर गेलं. गुरुवारी वहिनी कामावरून आली तेव्हा त्या खाटेशी बसलेल्या होत्या.

"वहिनी, आईला पोटभर खायला मिळतं ना?"

वहिनी पावडर कालवत होती. चमचा थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तिचे हात बघा. काड्या झाल्यात. डॉक्टर सगळ्यांनाच हे नको ते नको सांगतात. भिजवून, कुस्करून दिली भाकरी तर काय होणार आहे?"

"घशात जाईल."

"तुम्ही कधी देऊन बघितलीत?"

वहिनी पुन्हा पावडर कालवायला लागली. वन्संना वाटलं, हिच्याकडे उत्तर नाही म्हणून ही गप्प आहे. खरं तर तिच्याकडे उत्तर होतं.

काही दिवसांपूर्वीची गोष्ट. सासूबाई दुपारभर आवाज न करता रडत होत्या. वहिनीच्या बोटांना लसणाचा वास होता, तो त्यांनी हात धरून हुंगला आणि सोडेनात. तिनं मूठभर मिरच्या भाजल्या, लसूण घेतला, आठवेल तशी चटणी कुटली. त्यातलं नुसतं तेल बोटाच्या टोकावर घेऊन त्यांच्या जिभेला लावलं. त्यांनी डोळे मिटले. मग कपाळाला आठी घातली, तीच जुनी आठी, बिघडवलंस म्हणणारी. वहिनीला हसू आलं. आणि तेवढ्यात ठसका लागला. ओठ निळे पडले, डोळे बाहेर आले, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. वहिनीनं त्यांना पुढं वाकवून पाठीत धपाटे घातले, तोंडात बोट घालून लाळ काढली. बऱ्याच वेळानं श्वास वळणावर आला. दोघी घामानं भिजल्या होत्या. वहिनीनं खल धुवून माळ्यावर टाकला आणि हे कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, वन्संना तर नाहीच. आधीच तिच्या नावानं काय काय बोललं जात होतं. त्यात हे सांगणं म्हणजे आपणच आपल्या गळ्यात धोंडा बांधून घेणं.

पुढच्या गुरुवारी वन्सं नेहमीपेक्षा लवकर आल्या. भाऊ निघायच्या तयारीत होता. त्यांच्या पिशवीत काय आहे ते त्यानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तो गेल्यावर त्यांनी पिशवीतून पीठ काढलं, लाल मिरच्या काढल्या, माळ्यावर चढून खल शोधून काढला. आईची खाट त्यांनी ओढून स्वयंपाकघराच्या दारात आणली आणि पाठीशी उशा लावून तिला बसवलं.

मिरच्या तव्यावर पडल्या तशी म्हातारी ताठ झाली. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा असा झाला नव्हता. वन्सं कुटत होत्या आणि तिला दाखवत होत्या. तिनं डाव्या हाताची दोन बोटं चोळून दाखवली. मीठ. वन्संनी चिमूटभर वाढवलं. तिनं मान हलवली. मग वन्संनी भाकऱ्या थापल्या. सवय गेली होती, एका बाजूला जाड झाल्या, पण फुगल्या. पहिली भाकरी त्यांनी बशीत कुस्करली, तेल घातलं, चटणी घातली, बोटांनी लोण्यासारखी होईपर्यंत मळली. काळजी घेतली नाही असं कोणाला म्हणता येणार नाही. कुस्करली, भिजवली, लहान घास केला. फक्त गळ्यावर बोटं ठेवायची त्यांना माहीत नव्हतं.

पहिला घास गेला. दुसरा गेला. म्हातारी हसली, तोंडाचा एकच कोपरा वर गेला. "भाकरी," ती म्हणाली आणि तोंड उघडलं. वन्संनी तिसरा घास दिला.

ठसका मोठा लागला नाही. तो मोठा लागला असता तर कदाचित बरं झालं असतं. नुसता घर्र असा आवाज आला आणि मग काहीच आवाज नाही, नुसता हात हवेत उघडझाप करायला लागला. वन्संनी पाणी आणलं, साधं, पातळ पाणी, आणि तोंडाला लावलं. मग त्या ओरडत रस्त्यावर धावल्या. समोरच्या काकू आल्या, कोपऱ्यावरचा सायकलवाला आला, त्यानं पाठीवर मारलं. कोणीतरी नाक्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आलं. ते आले, खाट पुन्हा खिडकीशी उजेडात ओढायला लावली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, आणि उभेच राहिले.

"काय खायला दिलं होतं?" त्यांनी विचारलं.

खोलीत सहा-सात माणसं होती. सगळी वन्संकडे बघत होती.

"मी औषध आणायला गेले होते कोपऱ्यावर," वन्सं म्हणाल्या. "भाकरी होती घरात. उघडीच होती. तिनं ओढून घेतली."

वहिनी रस्त्याच्या वळणावर आली तेव्हा तिला दारातली गर्दी दिसली आणि तिनं ओळखलं. तिच्या अंगाला अजून कारखान्याच्या वाफेचा वास होता. काकूंनी तिला दारातच धरलं.

"अगं, भाकरी उघडी टाकून जातात का?" काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आपलं खरं निघाल्याचं एक समाधान होतं.

वहिनीनं सकाळी भाकरी केलीच नव्हती. पावाचे दोन तुकडे चहात बुडवून ती निघाली होती. तिनं खाटेकडे बघितलं. चादर तोंडापर्यंत ओढलेली होती. मग ती स्वयंपाकघरात गेली. पुढच्या खोलीतल्या एकानंही अजून तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. परातीत पिठाचा गोळा होता, फडक्याखाली भाकऱ्या होत्या, एका बाजूला जाड. ओट्यावर खल. त्यातल्या चटणीचा वास घराला ओळखीचा होता, तिला कधी न जमलेला.

तिच्या मागोमाग वन्सं आत आल्या आणि भिंतीला टेकल्या. त्या डोळे पुसत होत्या, त्याच हातांनी. डोळे लाल, सुजलेले, उघडत नव्हते.

"वहिनी," त्या म्हणाल्या.

"तवा गरम असेल," वहिनी म्हणाली. "हात लावू नका."

तिनं तेलाची वाटी घेतली, वन्संचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन त्यांना तेल चोळलं, बोटाबोटांतून, आणि मग नळाखाली धुतले. मग वहिनीनं भाकऱ्या आणि पिठाचा गोळा पिशवीत भरला, परात घासली, खल घासला, ओटा पुसला. हे सगळं तिनं का केलं, ते पुढे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नाही. वाईट दिवशी घर आवरायचं, तसं ती आवरत गेली. आवरून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आता खरं सांगायला पुरावा म्हणून काही उरलं नाही.

नवरा कुठल्याशा उंच इमारतीत लिफ्टच्या खोबणीत उतरला होता, तिथं फोन लागत नव्हता. तो आला तोवर ऊन उतरलं होतं. आईजवळ बसला. बऱ्याच वेळानं उठून आत आला.

"भाकरी तू ठेवली होतीस?"

वन्सं दारात होत्या. वहिनीनं त्यांच्याकडे बघितलं नाही.

"हो," ती म्हणाली. "झाकायची राहून गेली."

तो बोलला असता, ओरडला असता, हात उगारला असता तरी तिला ते कळलं असतं. त्यानं नुसती मान हलवली, जशी एखादी मोटर कायमची गेली आहे हे कळल्यावर हलवावी, आणि बाहेर गेला.

त्यानंतर घरात शब्द बंद झाले. तो बाहेर जेवून यायचा. खाट रिकामी होती, तिच्यावर तो झोपायला लागला, खिडकीकडे तोंड करून. वहिनीनं केलेलं अन्न तसंच राहायचं, मग ती आपल्यापुरतंच करायला लागली, मग तेही नको वाटायला लागलं. गल्लीत कोणी तिला तोंडावर काही म्हणालं नाही. पण नळावर ती गेली की बोलणं थांबायचं. मुलीचा फोन आला. "आई, तू एवढी कशी विसरलीस?" मुलगी रडत म्हणाली. वहिनी म्हणाली, "विसरले बाई." तिला वाटलं होतं, एकदा खोटं बोललं की झालं. पण ते रोज बोलावं लागत होतं. काकूंना, मुलीला, कारखान्यातल्या जोडीदारणीला. रोज तेच, आणि रोज थोडं जास्त खरं वाटायला लागलेलं. कधी कधी तिला उघडी ठेवलेली भाकरी डोळ्यांसमोर दिसायचीसुद्धा.

वन्सं यायच्या बंद झाल्या. मग एका रविवारी, भाऊ घरी असताना, त्या आल्या. बसल्या नाहीत.

"दादा, भाकरी मी केली होती," त्या म्हणाल्या. "मी भरवली. औषध आणायला मी गेलेच नव्हते. वहिनींनी काही ठेवलं नव्हतं."

वरखाली पेचकस पुसत बसला होता. तो पुसतच राहिला. वहिनीला वाटलं, आता हा बहिणीवर धावून जाईल, किंवा रडेल. त्यानं पेचकस डब्यात ठेवला, डबा लावला.

"तू जा," तो बहिणीला म्हणाला. "आणि परत येऊ नकोस."

त्या गेल्यावर तो बायकोकडे वळला.

"इतके महिने मी तुला आईची मारेकरीण समजत या घरात राहिलो. तू मला राहू दिलंस."

"वन्संना तुम्हीच एकटे आहात म्हणून—"

"आणि मला कोण होतं?" तो म्हणाला. "मी काय केलं असतं तिला? मारलं असतं? मला तू एवढंच ओळखलंस."

तिनं तसा विचारच केला नव्हता. तिनं बहिणीला भावापासून वाचवलं होतं आणि भाऊ दोघींपासून तुटला होता. त्या दिवसापासून तो पुन्हा घरी जेवायला लागला. कामापुरतं बोलायलाही लागला. गॅस संपलाय, नळ गळतोय, पोरीला फोन कर. पण खिडकीशी झोपणं काही त्यानं सोडलं नाही, आणि भाकरीला त्यानं पुन्हा कधी हात लावला नाही. पाव आणायचा.

बहिणीशी तो बोलला नाही. तिचं नाव घेतलं की उठून जायचा.

वहिनी मात्र गुरुवारी पाळी संपली की नदीपलीकडे जायला लागली. पहिल्यांदा गेली तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली, आत वन्सं मशीनवर. त्यांनी पुढ्यात शर्टांचा ढीग सरकवला. वहिनी काजं-बटणं करत बसली. पुढे तीच रीत पडली. पडद्याच्या कापडाचा रंग कसा उतरतो, गिऱ्हाईकं मापं चुकीची देऊन शिंप्याला कशी नावं ठेवतात, असलं काहीबाही. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही.

एकदा मात्र वन्संनी मशीन थांबवलं.

"तिसरा घास तिनं मागितला होता, वहिनी. तोंड उघडलं तिनं. मी दोनवर थांबले असते तर?"

वहिनीच्या हातात सुई होती. हे आता बोललं नाही तर कधीच बोलता येणार नाही, असं तिला वाटलं.

"मीपण दिलं होतं त्यांना," ती म्हणाली. "आधी. भाकरी नव्हे, चटणीचं तेल. बोटावर. त्या निळ्या पडल्या होत्या. मरता मरता वाचल्या."

वन्संनी कात्री खाली ठेवली.

"मला सांगितलं नाहीत."

"नाही."

"सांगितलं असतंत तर मी पीठ घेऊन आलेच नसते."

"माहीत आहे."

"मग का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणाला असतात, वहिनी आईला मारायला निघाली होती."

वन्संनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथं मापांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या.

"म्हणालेच असते," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी शटर वर केलं. "आज तुम्ही जा."

वहिनी गेली. घरी येऊन तिनं स्वयंपाक केला, नवऱ्याला वाढलं. सगळं बोलून झालं की हलकं वाटतं असं लोक म्हणतात, तिला तसं काही वाटलं नाही. आता वन्संना कोणावर रागवायचं ते तरी कळलं असेल, एवढंच वाटलं.

पुढच्या गुरुवारी दुकान बंद होतं. शटरवर थाप मारली तर वर खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण जिन्यावर पावलं आली नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. वहिनी थोडा वेळ फुटपाथवर उभी राहिली, समोरच्या पानवाल्यानं काय हवंय म्हणून विचारलं, मग ती परत फिरली. तरी ती जात राहिली. आपण तिथं जातो हे नवऱ्याला ठाऊक आहे, हेही तिला ठाऊक होतं. कारण गुरुवारी तिला यायला उशीर होईल हे धरून, बाहेर पडताना तो घराची किल्ली आठवणीनं काकूंकडे ठेवून जायचा.

मग एका गुरुवारी शटर गुडघ्याएवढं वर होतं. वहिनी वाकून आत शिरली. वन्संचे केस कानांपाशी पांढरे झाले होते, नीट विंचरलेलेही नव्हते. त्यांनी वर बघितलं नाही.

"गणवेशांचं काम आलंय," त्या म्हणाल्या. "कॉलर उलटवायच्या आहेत. टोकं नीट काढा, मागच्या वेळी बोथट राहिली होती."

वहिनीनं चप्पल काढली, स्टूल ओढलं आणि पहिली कॉलर हातात घेतली.